मालकांच्या केकताडांची मांडामांड

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस फाटकातच थबकतो अन् विचारतो, "बाई, असली काटेरी झाडं कामून लावलीत दारात?" मी म्हणते, मला काय विचारता, मालकांना विचारा. चाळीस वर्षं झाली मी विचारायलेय, मला काही उत्तर मिळालं न्हाई. तुमाला मिळालं तर मला पण सांगून जावा.

मालक म्हणजे अंकुशराव. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नसतेत, पण गोष्टच त्यांची सांगायची म्हटल्यावर एकदा घ्यावं लागतंय. पुढं घेणार न्हाई. मन्नाएखेळ्ळीत हायवेच्या आत दुसऱ्या गल्लीला आमचं घर. एकतीस वर्षं सरकारी बस चालवली त्यांनी, बिदर ते कलबुर्गी, मधी दोन-तीन वर्षं आळंद-खजुरीकडं. एकतीस वर्षांत एक अपघात न्हाई. "माझ्या गाडीखाली कोंबडी पण मेली न्हाई," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. लग्नात, बारशात, मयतीला गेलो तरी, नवा माणूस भेटला की कोंबडी निघायचीच. मी शेजारी बसून पदरात तोंड घालायची. पण माणूस सरळ, हे मान्य करावं लागंल. दारू न्हाई, पत्ते न्हाई, तोंडात शिवी न्हाई. शिव्यांचं खातं माझ्याकडं हाय, घरात कुणीतरी ते सांभाळायला पाहिजे.

नाद म्हणाल तर हा एकच. दुसरे ड्रायव्हर ड्यूटीवरून येताना सीताफळं आणायचे, तुरीच्या ओल्या शेंगा आणायचे. आमच्या घरी पोत्यात गुंडाळून केकताडाचं पिलू यायचं. रस्त्याच्या कडंला, रुळाच्या बाजूला, खजुरीकडच्या शेतांच्या बांधावर केकताड ढिगानं. गाडी थांब्यावर थांबली की सगळे चहा प्यायचे, अन् हे कुठल्यातरी केकताडाच्या बुडातलं पिलू उपटून शिटाखाली ठेवायचे. पुस्तकातली लोकं त्याला घायपात म्हणतेत. नाव काही घ्या, पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा असतोय तो असतोयच. माझ्या निम्म्या साड्यांचे पदर त्यानं फाडलेत. एक नवी इरकल पहिल्याच दिवशी फाटली, तवा मी तीन दिवस मालकांशी बोलले न्हाई. चौथ्या दिवशी म्हणाले, "बोलायचं नसलं तर नको बोलू, पण त्या पिवळ्या काठाच्या केकताडाला पाणी घालू नको, मुळं कुजतेत." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं.

केकताडामागं बाकीची मंडळी आली. कोरफड आली, पानफुटी आली, फड्या निवडुंग आला, दुधाळ चिकाचा शेर आला, पट्ट्यापट्ट्याच्या उभ्या पानांचं ते सापाचं झाड आलं. पाणी नको, खत नको, कुणी विचारायला नको. उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीत हिरवं म्हणून दिसायचं ते आमच्याच अंगणात. मला कढीपत्ता अन् मोगरा लावायचा होता. त्याला जागा शिल्लक ऱ्हायली न्हाई, ते दुखणं माझं अजून गेलेलं न्हाई.

मालक रिटायर होऊन दोन वर्षं झाली असतील, त्यांचा पाय पायरीवरून चुकायला लागला. ताटातली भाकरी दिसायची, कडंची आमटीची वाटी दिसायची न्हाई, हात लागून सांडायची. मी म्हणायची, लक्ष कुठं असतंय तुमचं. लई बोलले मी तवा, आता आठवलं की वाईट वाटतंय. शेवटी बिदरला डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, काचबिंदू हाय, लई दिवसांपासून हाय. कडंचं गेलंय ते परत यायचं न्हाई. डाव्या डोळ्यात मधलं थोडं ऱ्हायलंय, थेंब टाकत ऱ्हावा, टिकंल तेवढं टिकंल. उजवा डोळा संपल्यातच जमा.

घरी येताना बसचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला. त्यानं "नमस्कार अण्णा" म्हणून हाक मारली, तर मालकांनी हसून भलतीकडंच मान वळवली. मला तिथंच रडू फुटलं. डोळ्यात धूळ गेली म्हणलं अन् पदर लावला.

आमचा एकुलता एक व्यंकट हैदराबादला औषधाच्या कंपनीत हाय. त्याला कळलं तसा तो आला. अंगण बघून म्हणाला, "आई, अप्पाला दिसत न्हाई अन् तू त्यांना या काट्यांत सोडायलीस. एखादा काटा डोळ्यात गेला तर ऱ्हायलेला पण जाईल. सगळं काढून टाकू, फरशी घालू." खरं सांगते, मी पोराच्याच बाजूची होते. चाळीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस आला, एवढंच माझ्या मनात आलं.

मालक खाटावर बसून ऐकत होते. म्हणाले, "मला एकच सांगा. संडासाला जायला मला रोज कुणाचा हात धरावा लागंल का?"

आमचा संडास अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात हाय. पायरीपासून तीस-बत्तीस पावलं, अन् सगळी वाट केकताडांमधून.

"मला तेवढं एक माझं माझं जमू द्या," मालक म्हणाले. "बाकी तुमी म्हणाल तसं. फरशी घातली तर माझ्या हाताला काय लागंल? मोकळ्यात मी जास्त चुकंल. झाडं असली तर हात लावत लावत जाईन. मला फक्त त्यांच्या जागा बदलू द्या."

व्यंकट म्हणाला, "संक्रांतीपर्यंत बघतो अप्पा. पण एकदा जरी लागलं, तर मी कुणाचं ऐकणार न्हाई. दुसऱ्या दिवशी मशीन लावून अंगण साफ करणार." मालक म्हणाले, बराबर हाय. अन् दोघांनी हातावर हात मारला, बाजारात बैलाचा सौदा करावा तसा.

कार्तिकात पाऊस उघडला, जमीन मऊ होती, तवा कामाला हात घातला. बाजूचा भीमण्णा पहार घेऊन आला. पन्नाशीचा गडी, टेम्पो चालवतो. मालकांनीच त्याला स्टेअरिंग धरायला शिकवलं, म्हणून शब्द खाली पडू देत न्हाई. केकताड हलवायचं म्हणजे आधी पानं वर ओढून जुन्या साडीनं झाडाची मोळी बांधायची, तवा कुठं बुडाशी हात जातो. मग भोवतीनं खणायचं, पोत्यात गुंडाळायचं, दोघांनी उचलायचं. मुळं तुटलेली जागा आठ दिवस सावलीत वाळू द्यायची, ओली लावली की सडली. माझ्या सहा साड्या त्यात गेल्या. केकताडाच्या रसानं भीमण्णाच्या हाताला अशी खाज सुटली की दोन दिवस त्याला बायकोनं घास भरवला. त्याला ते आवडायलंय असं त्याच्या बायकोचंच म्हणणं.

शेराचा चिक डोळ्याला वाईट, म्हणून ते झाड पार बाहेरच्या भिंतीला गेलं. मी एक दिवस आडकित्ता घेतला अन् केकताडाच्या पानांची टोकं कापायला बसले. तीन-चार पानं झाली असतील, आवाजावर मालक आले.

"काय कापायलीस?"

"सुपारी."

"सुपारी एवढी ओली नसती." मग माझ्या हातातून आडकित्ता काढून घेतला. "टोकं कापू नको, चंद्रभागा. ती त्यांची हायेत. वाट आपण बदलू."

मग त्यांनी जे केलं ते ड्रायव्हरच्याच डोक्यात येईल. अंगणाचा रूट केला. पायरी म्हणजे बिदर अन् संडास म्हणजे कलबुर्गी. माझं माहेर कलबुर्गीचं. मी म्हणलं, माझ्या माहेराचा बरा मान ठेवलात. तर म्हणाले, "शेवटचा थांबा हाय, त्याला मी काय करू?" भीमण्णा पहार टाकून हसत बसला.

मधले थांबे सगळे बिनकाट्याच्या झाडांचे. पायरी उतरून डावा हात खाली सोडला की कट्ट्यावर पानफुटीच्या अकरा कुंड्या, गुबगुबीत पानं हाताला लागत ऱ्हातेत. कुंड्या संपल्या की चार पावलांवर कोरफड, गुडघ्याच्या वर आलेली, चांगली माजलेली. ते मन्नाएखेळ्ळी. बिदरहून येणारी गाडी आमच्या गावात हायवेला लागते अन् उजवीकडं वळते, तसं कोरफड लागली की उजवीकडं वळायचं. पुढं सापाच्या झाडांची ओळ, ती संपली की हुमनाबाद, तिथून डावीकडं वळलं की कलबुर्गी. काटेवाली सगळी पाठीमागं भिंतीला लावली.

एक थोरलं केकताड तेवढं हललं न्हाई. खजुरीहून आणलं तवा बोटाएवढं होतं, आता माझ्या डोक्यावर गेलंय. भीमण्णाची पहार वाकली पण त्याचं बूड काही सुटलं न्हाई. अन् ते नेमकं कुंड्यांच्या सरळ रेषेत. वळण चुकलं की माणूस थेट त्याच्या काट्यांवर. म्हणूनच त्याच्या दोन पावलं अलीकडं ती कोरफड लावली होती. "ती हाय तवर मला भ्या न्हाई," असं मालक म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं हाय, दुसऱ्या कुणी न्हाई.

थोडं दिसायलंय तवरच शिकून घ्यायचं म्हणून मालक डोळ्यांना माझा रुमाल बांधायचे. पहिले आठ दिवस मी हात धरून, मग मागं मागं, मग पायरीवर बसून. मी ओरडायची, अवं उजवीकडं, उजवीकडं. तर थांबून म्हणायचे, "पॅसेंजरनं ड्रायव्हरशी बोलायचं नसतंय." शिकवणी महिनाभर चालली. एक दिवस सकाळी मला जाग आली तर खाट रिकामी. मी धावत दारात गेले. मालक परत यायले होते, रुमाल न्हाई, काठी न्हाई, हातात टमरेल. पायरीला पाय लागला तसे म्हणाले, "कलबुर्गीला जाऊन आलो." असं हसले, असं हसले, की मला त्यांचं लग्नातलं तोंड आठवलं. त्या दिवशी मी शिरा केला.

त्यानंतर रोज सकाळी एकटेच जायचे. व्यंकटला फोनवर सांगायचे, आज पण टाइमावर. आल्यागेल्याला कोंबडीची गोष्ट परत सुरू झाली, अन् तिच्या जोडीला अंगणाची.

आता माझी गोष्ट सांगते, अन् कमी-जास्त करत न्हाई.

भीमण्णाची बायको गौरम्मा कानडीत बोलती, मी मराठीत, पण आमचं कुठं अडत न्हाई. ती एक दिवस शेंगा निवडता निवडता म्हणाली, "अक्का, अण्णांना नजर लागलेली हाय. एकतीस वर्षं अपघात न्हाई म्हणून गावभर सांगत फिरायचे, मग लागणारच की. अवसेला कोरफड टांग दाराला." आमच्या भागात ही रीत घरोघरी हाय. कोरफड मुळासकट काढायची, हळद-कुंकू लावायचं, काळ्या दोऱ्यानं चौकटीला उलटी बांधायची, मुळं वर अन् पानं खाली. माती नसताना पण ती महिने न् महिने हिरवी ऱ्हाते. घरावर येणारं सगळं ती आपल्यावर घेते म्हणतेत.

मी सातवी शिकलेय. डॉक्टरीणबाईचे थेंब मी घड्याळ बघून टाकते, एक वेळ चुकवली न्हाई. पण डॉक्टरीण म्हणाली, गेलं ते परत यायचं न्हाई. अन् गौरम्मा म्हणायली, करून तर बघ. माझ्या जागी तुमी असतात तर कुणाचं ऐकलं असतं?

मालकांना असलं पटत न्हाई. ते भीमण्णाकडं बसायला गेले तवा मी अवसेच्या दिवशी संध्याकाळी खुरपं घेतलं. दाराला टांगायची तर भरलेली कोरफड पाहिजे, अन् अंगणात भरलेली एकच होती. बाकी सगळी बोटाबोटाएवढी पिलं. मला काय ती जागा ठाऊक नव्हती? चांगली ठाऊक होती. मनात म्हणलं, उद्या उजाडल्यावर गौरम्माच्या परसातली मोठी आणून तिथंच लावू, एका रात्रीचा तर प्रश्न. मुळासकट उपटली, हळद-कुंकू लावलं, स्टूलावर चढून चौकटीला बांधली. हात जोडून म्हणलं, माझ्या मालकाचे डोळे सांभाळ. मालक घरी आले तवा तिच्याखालून आत आले. वरचं त्यांना दिसत न्हाई. मी पण काही बोलले न्हाई, सांगितलं असतं तर रागावले असते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या आधी उठले.

मालक ओरडणारे न्हाईत. "अगं" एवढंच ऐकू आलं. पण त्या "अगं"नं मी ताडकन उठले. नुकतं कुठं उजाडायलं होतं, त्यांना दिसावं एवढा उजेड नव्हता. मालक थोरल्या केकताडाच्या पानांत उभे होते, एक हात पुढं केलेला, तळहातात काटा आरपार. दुसरा काटा गालाच्या हाडावर, डाव्या डोळ्याच्या बोटभर खाली, अन् तिथून रक्ताची धार शर्टावर. मागं पण सरकत नव्हते, मागं काय हाय ते कळत नव्हतं. "कुठं आलोय मी?" असं मला विचारायले होते.

भीमण्णानं टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, बोटभर वर लागला असता तर काहीच ऱ्हायलं नसतं. तळहाताला पाच टाके पडले.

संध्याकाळी व्यंकट आला. ओरडला न्हाई. त्यानं बसल्या जागी मशीनवाल्याला फोन करून रविवार ठरवला. खोलीत ठेवायला भोक पाडलेली खुर्ची अन् खाली भांडं, ते पण घेऊन आला होता. जाता-येता त्यानं चौकटीकडं बघितलं अन् म्हणाला, "आई, हे एक बरं केलंस." गौरम्मा आली, ती पण वर बघून म्हणाली, "बघ अक्का, कोरफड होती म्हणून डोळा वाचला." घरात येणारा प्रत्येक माणूस माझ्या चुकीखालून वाकून आत यायचा, अन् कुणाच्या काही लक्षात यायचं न्हाई.

अन् मालक म्हणाले, "घाल बाबा फरशी. माझंच चुकलं. वळण कवा निघून गेलं मला कळलंच न्हाई."

मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोलले. मी भांडखोर हाय पण खोटारडी न्हाई, असं मी स्वतःला समजत होते. पोटच्या पोरासमोर, शेजाऱ्यांसमोर, मीच ह्यांना काट्यात घातलं असं कसं सांगू? चाळीस वर्षं मी त्यांच्या चुका काढल्या. माझी एक काढायची म्हणलं तर जीभ उचलंना. मनाला समजावलं, नाहीतरी काटे गेलेले बरेच. मोगरा लावू.

तसे चार दिवस गेले. मालक खाटावरून उठेनात. मोरीपर्यंत सहा पावलं, त्याला पण "धर" म्हणायचे. संडासाचं तर विचारू नका. त्या खुर्चीवर बसताना मान अशी खाली घालायचे की माझ्याकडं बघायला नको, जसं काय त्यांना मी नीट दिसतच होते. जनवाड्याचे पाहुणे भेटायला आले, नवीन जावई संगट होता. मी चहा घेऊन उभी, म्हणलं आता कोंबडी येईल. आली न्हाई. जावयानं विचारलं, मामा, गाडी किती वर्षं चालवली? मालक म्हणाले, "चालवली थोडी."

शनिवारी दुपारी व्यंकट मागच्या खोलीत फोनवर होता. मी मालकांच्या हाताचं फडकं बदलायला बसले. त्यांचा दुसरा हात मांडीवर होता, बोटं हलत होती.

"काय मोजायलात?"

"कुंड्या," म्हणाले. "अकरा कुंड्या. मग चार पावलं. अकरा मी बराबर मोजल्या, मला चांगलं आठवतंय. मग चार पावलं का पाच पडली? चार दिवस झाले तेच बघायलोय, चंद्रभागा. झोपेत पण तेच चालायलंय. एवढ्या वाटंवर मी चुकत असंल तर मग रस्त्यावर किती चुकलो असंल? लोकांना काय काय सांगत फिरलो मी."

माझ्या हातातलं फडकं तसंच ऱ्हायलं.

"कोरफड नव्हती," मी म्हणलं.

"काय?"

"कोरफड नव्हती तिथं. अवसेला संध्याकाळी मीच उपटली. तुमच्या डोळ्यांसाठी दाराला टांगली. सकाळी दुसरी लावणार होते, तुमी आधी उठलात."

मला वाटलं, आता चाळीस वर्षांचं सगळं एकदम निघंल. निघू दे म्हणलं, माझी तयारी होती. व्यंकट फोन बंद करून दारात येऊन उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे सकाळी ती तिथं नव्हतीच?" मालकांनी विचारलं.

"न्हाई."

"पिलं पण न्हाई?"

"पिलं होती दोन. बोटाएवढी."

"ती पायाला लागायची न्हाईत." मांडीवर बोटांनी परत मोजलं. "मग चारच पडली होती. मी चारच टाकली, पायाला काही लागलं न्हाई म्हणून पाचवं टाकलं, सहावं टाकलं. बराबर हाय. म्हंजे मी चुकलो न्हाई."

"न्हाई, मालक. तुमी चुकला न्हाई."

"मी चुकलो न्हाई," परत म्हणाले, अन् तो टाके घातलेला हात तोंडावर धरून ढसाढसा रडायला लागले. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, दवाखान्यात पण न्हाई. मी माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होते, पण माफीचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. माझ्यावर राग धरायला पण त्यांना सवड नव्हती. मी माझी लाज झाकत बसले होते, अन् शेजारच्या खाटावर हा माणूस चार दिवस स्वतःलाच मोडीत काढत होता. दोन शब्दांचं काम होतं, अन् मी त्याला चार दिवस लावले. हे मला माझं मेल्यावर पण सुटणार न्हाई.

व्यंकट म्हणाला, "पण अप्पा, काटा तर लागलाच ना."

"वळणावरची पाटी काढून ठेवल्यावर कुठल्या पण ड्रायव्हरला लागंल," मालक म्हणाले. डोळे पुसून उठून उभे ऱ्हायले, कुणाला धर न म्हणता. "चल, दाखवतो तुला."

मी म्हणलं, आधी दुसरी कोरफड तर लावू द्या, गौरम्माकडून आणते. "उद्या आण," म्हणाले. "आज तू उभी ऱ्हा तिथं."

मी चपला न घालताच गेले. कोरफडीचा खड्डा अजून तसाच होता, त्याच्यात दोन्ही पाय ठेवून उभी ऱ्हायले. थोरल्या केकताडाचे काटे माझ्या पाठीपासून दोन पावलांवर. मालक पायरी उतरले. व्यंकट त्यांच्या मागं निघाला, तर त्याला हातानं थांबवलं. कुंड्यांवरून हात फिरवत आले, ओठ हलत होते. अकरा झाल्या. मग एक पाऊल, दुसरं, तिसरं. तिथं जरा अडखळले. मला हाक मारावीशी वाटली, पण मी तोंड मिटून ठेवलं. चौथं पाऊल पडलं अन् त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला.

हात खांद्यावर क्षणभर ठेवला. मग उजवीकडं वळले अन् सापाच्या झाडांच्या ओळीनं पुढं गेले. कोपऱ्यावर डावीकडं वळले. संडासाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग आतून कडी लागल्याचा. व्यंकट पायरीवर खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं खिशातून फोन काढला अन् मशीनवाल्याला सांगितलं, उद्या येऊ नका.

"आई, ये आता, पायात काटे जातील," तो म्हणाला.

मी न्हाई हलले. मालकांना परत यायला पण ते वळण लागणारच होतं.